ज्यानं पाहिली, त्यानं काढावी

गेल्या महिन्यात दुपारी माझ्या शेडवर एक बाई आली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी. आवाजामुळे ती दारातच थांबली. मी मशीन बंद केली आणि हात पुसत बाहेर आलो.

"सुधाकरभाऊ तुम्हीच नं?"

"हो."

"मी रेखा. डोमाजी मिस्त्रीची. बाबा गेले नं, तेरवीही झाली."

मी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. "बाबानं सांगतलं होतं, हे सुधाकरच्याच हातात दे म्हणे. दुसऱ्या कोणाले नाई."

कागद उलगडायच्या आधीच वजनावरून मला कळलं. वीतभर लांबीची लोखंडी चावी, टोकाला चौकोनी, वर आडवी मूठ. मुठीची एक बाजू तुटलेली. तिच्यात ओवलेला काळा दोरा मळून कडक झालेला, आणि मधोमध कापलेला.

"गाठ सुटली नाई," रेखा म्हणाली. "कात्री लावा लागली. अकरा वर्षं गळ्यातून काढू देल्ली नाई आमाले, आंघोळीच्या वक्तालेही नाई. कायची चावी आहे भाऊ ही? आमच्या घरात तं असं कुलूपच नाई."

"मशीनची आहे," मी म्हणालो.

ती आणखी काही ऐकायला थांबली असावी. मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. न सांगण्याची मला सवय आहे. पन्नाशी उलटली, बायकोलाही मी हे सांगितलेलं नाही.

उमरेड रोडला आतल्या बाजूला एक शेड होती. चौघांनी मिळून ती भाड्यानं घेतली होती. वेल्डिंगवाला इक्बालभाई, कन्हानहून रोज येणारा प्रभाकर, मी आणि डोमाजी मिस्त्री. लोखंड कातायची लेथ एकच, सगळ्यांची सामायिक. दारामागच्या पाटीवर खडूनं ज्याची त्याची वेळ लिहिलेली असायची. मशीन चौघांची असली तरी तिच्यावरचा कायदा एकट्या डोमाजीचा होता.

तो बुटका, काळा, मानेला जाड. सदरा बारा महिने अर्ध्या बाह्यांचा आणि खोचलेला. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. वरच्या खिशात शिंप्याची छोटी कात्री. पहिल्या दिवशी मी कामाची चौकशी करत त्याच्यापुढे उभा राहिलो तेव्हा त्यानं माझं नाव विचारलं नाही. "हात दाखव," म्हणाला. मी दोन्ही पंजे पुढे केले. त्यानं एकेक बोट चिमटीत धरून मोजलं, बाजारात वांगी निवडावी तसं.

"दहा. जाशीन तवा बी मोजीन."

इक्बालभाई म्हणायचा, "मिस्त्री, तुम्ही ऊपर जाऊन यमराजाचे भी पहले हाथ गिनोगे." डोमाजी हसायचा नाही. त्याची स्वतःची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातांकडे पाहा, मग यात केवढी मिजास होती ते कळेल. त्यानं ती बोटं नशिबावर टिकवलेली नव्हती. मशीन सुरू करताना तो नेहमी एका बाजूला उभा राहायचा, चकच्या रेषेत कधीच नाही. चक म्हणजे जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरून गरगर फिरणारा लेथचा जबडा. सुरू करण्याआधी तो हातानं एक फेरा फिरवून पाहायचा. फिरत्या जॉबवर कुणी फडकं लावलं तर स्टीलची पट्टी मनगटावर बसायची. कातलेल्या लोखंडाच्या कुरळ्या तारा हातानं ओढल्या तरी पट्टीच. मशीनजवळ उभं राहून कुणी तंबाखूचा खर्रा घोटायला लागला की त्याचा खर्रा सरळ तेलाच्या डब्यात. आणि कात्री होतीच.

ही कात्री लोंबणाऱ्या वस्तूंसाठी होती. राखी, गंडा, बाहीचा सुटलेला धागा, गळ्यातलं काहीही. विचारणं नाही, सांगणं नाही. प्रभाकरचं लग्न झालं आणि पाचव्या दिवशी तो कामावर आला. मनगटाला हळदीचं कंकण. डोमाजीनं त्याचा हात धरला.

"मिस्त्री, देवाचं आहे जी," प्रभाकर म्हणाला. "सोडाचा विधी असते."

"देवाचा हात नाई कापत मशीन. तुहा कापते."

कट. कंकणाचे दोन तुकडे त्यानं प्रभाकरच्याच तळहातावर ठेवले. "बायकोले दे. अन् सांग तिले, का हातही घेऊन आलो सोबत."

प्रभाकरच्या आईनं अपशकुन म्हणून तीन दिवस जेवण सोडलं. डोमाजीला कळलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "चौथ्या दिवशी जेवली नं?"

आम्ही हसलो. प्रभाकरही हसला. त्या शेडमध्ये दुसऱ्याच्या वाट्याला आलेलं हसण्यावारी न्यायची रीतच होती.

पण डोमाजीचा खरा कायदा चावीचा. जॉब पकडायला आणि सोडायला ही चावी चकमध्ये घालून फिरवावी लागते. काम झालं की ती लगेच काढायची. चक फिरत असताना चावी आत राहिली तर ती बंदुकीतून सुटल्यासारखी निघते. हे प्रत्येक टर्नरला माहीत असतं आणि प्रत्येक टर्नर कधी ना कधी विसरतो. "चावी हातात नाई तं खुंटीवर," डोमाजी म्हणायचा. "चकात सोडली तं गळ्यात."

गळ्यात म्हणजे खरंच गळ्यात. मशीन बंद असतानाही चकमध्ये चावी दिसली, तर शेवटचं काम केलेल्याच्या गळ्यात ती काळ्या दोऱ्यानं बांधली जायची. ज्यानं ती पाहिली त्यानंच बांधायची, आणि संध्याकाळी सात वाजता शटर पाडायच्या आधी त्यानंच काढायची. तोवर मशीनपासून लांब; जेवायला जा, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जा, गिऱ्हाइकाशी बोला, चावी छातीवर. स्वतःची स्वतः काढता यायची नाही. "ज्यानं पाह्यली, त्यानं काढाव."

माझ्या गळ्यात ती एकदाच पडली.

माझे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. माझं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एके दिवशी न कळवता ते एसटीनं आले, धुतलेलं धोतर, बगलेत आईनं दिलेला डबा. त्याच दिवशी सकाळी मी चावी चकमध्ये विसरलो होतो आणि डोमाजीनं ती पाहिली होती. वडील दारात उभे, आणि मी अठ्ठावीस वर्षांचा माणूस गळ्यात लोखंड बांधून.

"हे काय होय गा?" त्यांनी विचारलं.

मी डोमाजीकडे पाहिलं. वडील आहेत, एवढ्यापुरती काढा, असं मी डोळ्यांनी म्हटलं असणार. तो जॉबवरून नजर न उचलता म्हणाला, "बक्षीस आहे तुमच्या पोराचं. सात वाजेपरेंत राह्यते. या, बसा."

मग त्यानं वडिलांना सगळं समजावून सांगितलं. चावी कशी सुटते, कुठे लागते, कपाळ कसं फुटतं. वडील ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर उठले आणि त्यांनी डोमाजीला हात जोडले. "चुकलं त्याचं. सांभाळून घ्या."

त्या दोघांनी विषय बदलून ते हसण्यावारी नेलं असतं तर मी विसरलो असतो. पण त्यांनी हात जोडले. मागावरच्या दोऱ्यांनी चिरलेले ते हात आणि समोर तेलकट सदऱ्यातला डोमाजी. त्यानं मान हलवली, बस्स. माझ्याबरोबर डबा खाताना वडिलांनी माझ्या छातीकडे एकदाही पाहिलं नाही. परत ते शेडवर आले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. डोमाजीच्या गळ्यात चावी. एक दिवस, सकाळपासून सातपर्यंत. मी वाट पाहायला लागलो. त्याची चूक व्हावी म्हणून मी त्याच्याकडे जितकं लक्ष दिलं तितकं कोणत्या भक्तानं देवाकडे दिलं नसेल. त्यामुळेच त्याच्या डोळ्यांचं सगळ्यांत आधी मला कळलं.

वर्षं गेली. माप घेताना तो मला हाक मारू लागला. "सुधाकर, पाह्य बे, किती दाखवते व्हर्निअर. पाहू तुले येते का." मी वाचून दाखवायचो. आधी मला ती परीक्षा वाटली. मग लक्षात आलं की माझा आकडा तो तपासतच नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. काम डाव्यावर चाललं होतं, आणि बारीक रेघा त्या डोळ्यालाही धूसर दिसत होत्या. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला लेथवरून उठवलं असतं.

मी सांगितलं नाही. उलट एकदा पंपाच्या शाफ्टचं माप मी मुद्दाम चुकीचं वाचलं. केसभर. बेअरिंग ढिलं बसलं, गिऱ्हाइकानं जॉब परत आणून आपटला. डोमाजी तो शाफ्ट बराच वेळ हातात फिरवत राहिला. "माहा हात चुकला," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं असेल. मी त्या संध्याकाळी घरी जाताना शिट्टी वाजवत होतो.

आता दसऱ्याचं सांगतो.

खंडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा करायचो. लेथ पुसून, तेल लावून, चकवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार. दसऱ्याला सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून वयानं सगळ्यांत मोठ्या माणसानं मशीन सुरू करायची. तो अर्थात डोमाजी. या शेडची एक रीत होती, आमच्या आधीच्या लोकांपासून चालत आलेली. पूजा झाल्यावर चक हातानं हलवायचा नाही. अक्षता, कुंकू मशीननं स्वतः फिरून झटकायचं. हार तेवढा काढायचा, ज्यानं बांधला त्यानंच. म्हणजे हातानं एक फेरा फिरवून पाहायचा डोमाजीचा नियम वर्षातून एका सकाळी बाजूला राहायचा. असल्या गोष्टी न मानणारा हा माणूस एवढी एक मानायचा.

त्या वर्षी हार मी बांधला. चक गुळगुळीत, हार घसरून पडत होता. दोनदा घसरला. मी चावी चकमध्ये वरच्या बाजूनं घट्ट खोचली आणि तिच्या मुठीला हार अडकवला, मग मशीनच्या अंगाभोवती फिरवून आवळला. झेंडूत चावी दिसेनाशी झाली. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखी ही एवढी एकच गोष्ट आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हार काढला. चक मोकळा होता. चावीच्या वजनानं तो आपोआप फिरला आणि चावी वरून खाली गेली, चकच्या पोटाखाली, सावलीत. टिक्, एवढाच आवाज. इक्बालभाई दारात नारळ फोडत होता, प्रभाकर उदबत्ती शोधत होता. ती चावी मी एकट्यानं पाहिली.

काढायला एक क्षण पुरला असता. मी हार हातात घेऊन उभा राहिलो.

डोमाजी आला. पाय धुतलेले, कपाळाला टिळा. त्यानं हात जोडले. तेव्हा बोलता आलं असतं. मग तो चकजवळ वाकला आणि खाली, बरोबर चावी होती तिथे, त्यानं पाहिलं. मला वाटलं, संपलं, दिसली याला. तो सरळ झाला. चेहऱ्यावर काही नाही. त्याचे डोळे किती गेले आहेत ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. त्यानं हिरवं बटण दाबलं, मोटर घुमू लागली. तेव्हाही बोलता आलं असतं. त्याचा हात चक फिरवणाऱ्या लिव्हरकडे गेला.

मी एक पाऊल मागे सरलो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला फक्त खडखडाट ऐकायचा होता, सगळ्यांनी चावी पाहावी, त्याच्या गळ्यात बांधता यावी. यात खोटं काही नाही. पण मागे सरणारं ते पाऊल माझंच होतं, आणि ज्याला फक्त खडखडाटाची अपेक्षा असते तो मागे सरत नाही.

चावी लेथच्या लोखंडी बैठकीवर आपटली, तिची अर्धी मूठ तुटली आणि उरलेली वर उडाली. डोमाजी सवयीप्रमाणे बाजूला उभा होता म्हणून कपाळ वाचलं. डावा डोळा गेला. चांगला होता तो.

इक्बालभाईनं त्याला उचलून रिक्षात घातलं. मी मशीन बंद केली. हार तेव्हाही माझ्या हातात होता.

दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर प्रभाकरनं विचारलं, "मिस्त्री, चावी कशी राह्यली जी?" डोमाजी पट्टीखालून म्हणाला, "नवमीले मशीन पुसली मीच. माह्याच हातानं राह्यली असन." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. हार कुणी बांधला ते सगळ्यांना माहीत होतं, पण चावीला अडकवून बांधला हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोमाजीच्या शेडमध्ये असं कुणी करील हेच कुणाला सुचण्यासारखं नव्हतं.

दीड महिन्यानं तो एका सकाळी शेडवर आला, रेखाच्या नवऱ्यानं आणून सोडलं. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, उजव्यात दुधासारखी साय. आम्हाला वाटलं, हत्यारं न्यायला आला. त्यानं भंगाराच्या पेटीत हात घालून चाचपत ती तुटकी चावी शोधली. खिशातून काळा दोरा काढला. मग आमच्यापुढे उभा राहिला.

"कोणी पाह्यली होती का ही? चकात?"

प्रभाकरनं मान हलवली, मी फडक्यानं हात पुसत राहिलो.

"मंग मीच घालतो. मशीन म्या चालू केली. चूक माही."

"मिस्त्री, रहने दो ना," इक्बालभाई म्हणाला. "आँख गयी, और क्या सजा होती है?"

"डोळा गेला तो मशीननं घेतला. हे शेडचं आहे."

त्यानं गाठ मारली आणि लेथसमोरच्या स्टुलावर बसला. दिवसभर. गिऱ्हाइकं आली, त्यांनी पाहिलं. शेजारच्या शेडमधले लोक पाहायला आले. एकानं मोबाइल काढला, इक्बालभाईनं तो खाली करायला लावला. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेलं होतं. मी काम करत होतो. एकही माप बरोबर आलं नाही.

सात वाजले. प्रभाकरनं शटरला हात घातला. डोमाजी उठला नाही.

"काढा आता मिस्त्री," प्रभाकर म्हणाला. "सात झाले."

"ज्यानं पाह्यली, त्यानं काढाव."

"कोणी पाह्यलीच नाई नं जी."

"मंग राहू दे."

तो उठला, दाराकडे निघाला आणि माझ्याजवळ थांबला. इतक्या वर्षांत तो मला 'बे'शिवाय बोलला नव्हता.

"सुधाकर, तुनं पाह्यली होती का गा?"

आवाजात राग नव्हता. वडिलांनी विचारावं तसं विचारलं. सायीनं भरलेला डोळा माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे रोखलेला. मला फक्त हात वर करून गाठ सोडायची होती.

"नाई, मिस्त्री," मी म्हणालो.

"बरं."

मग त्यानं माझे हात मागितले. एकेक बोट चिमटीत धरून सावकाश मोजलं. "दहा. तू जाशीन तवा मोजणार होतो. आता मीच जाऊन राह्यलो."

त्याला ठाऊक होतं की नाही, हे मी अकरा वर्षं ठरवू शकलो नव्हतो. चावी माझ्याच हातात आली तेव्हा ठरलं, ठाऊक होतं. नंदनवन वस्तीत त्याचं घर माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं. मी एकदाही गेलो नाही. कोणत्याही संध्याकाळी जाऊन गाठ सोडता आली असती. हे छापून आलं की मी रेखाला पाठवणार आहे. त्यांच्या घरात ते कुलूप नव्हतं, ते माझ्याकडे होतं, हे तिला कळायला हवं.

त्या संध्याकाळी तो एकटाच रस्त्यापर्यंत गेला. कुणाचा हात घेतला नाही. मी शटरपाशी उभा राहून पाहत होतो. चालताना चावी छातीवर डावी-उजवीकडे झुलत होती. रस्त्याच्या कडेला तो थांबला, छाती चाचपली, आणि चावी दोऱ्यासकट सदऱ्याच्या आत सोडली. लोंबणारी वस्तू आत असावी. मग गळ्याचं वरचं बटण लावलं, लागलं की नाही ते बोटानं पाहिलं, आणि ऑटोच्या आवाजाच्या दिशेनं हात वर केला.